जावईबापूंनी दिलेली साथ

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून व्हायचा होता. नाव गेनू. पंचक्रोशीतल्या मुली नाही म्हणून दमल्यावर चंद्रकला एकटीच हो म्हणाली होती. का म्हणाली, ते तिचं तिला माहीत. लग्न तोंडावर आलं आणि सरकारने टाळेबंदी लावली.

गेनूच्या आईने देव पाण्यात घातले. हे लग्न हुकलं तर गेनू जन्मभर तिच्याच हातचं जेवणार होता. ती म्हणाली, "गेन्या, तू डोकं चालवू नकोस रे बाबा. पोलीसपाटील सांगतील तसंच वाग." गेनूला यात काही अवघड वाटलं नाही. डोकं त्याने आजवर चालवलंच नव्हतं.

दुपारी गावात भोंगा फिरला. "जो जिथे असेल त्याने तिथेच थांबावं!" गेनू तेव्हा चिंचेवर होता. तो थांबला. अंधार पडला, तरी थांबला. सकाळी आईने बांबूच्या टोकाला भाकरी बांधून वर दिली.

पोलीसपाटील हैबतराव काठी आपटत आले. "गेन्या, वर काय करतोस?"

"थांबलोय."

"अरे गाढवा, उतर! भोंगा वाजला की घरात जायचं!"

"बरं."

संध्याकाळी परत भोंगा वाजला. गेनू घरात गेला. पाटावर बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर पिठलं मागून घेतलं. तेवढ्यात हैबतराव आत आले.

"अरे, हे माझं घर आहे!"

"घरात जा म्हणालात. कुणाच्या ते नाही म्हणालात. हे जवळ पडलं."

हैबतरावांनी कपाळावर हात मारला. "इथून पुढे सगळ्यांपासून चार हात लांब राहायचं! कळलं?"

"कळलं."

सकाळी गेनू म्हशीची धार काढायला गेला. बादली घेऊन चार हात लांब बसला. तो म्हशीकडे बघत होता, म्हैस त्याच्याकडे. दूध काही आलं नाही.

आई करवादली, "मेल्या, असं असतं का? अंगाला टेकून बसावं, पाठीवरून हात फिरवावा, लाडाने बोलावं. मग पान्हा सुटतो."

"बरं."

तेवढ्यात हैबतराव लग्नाची परवानगी घेऊन आले. बिचारे चांगलं काम करायला आले होते. ओट्यावर टेकले. गेनू त्यांच्या अंगाला टेकून बसला. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "माझी राणी ती! सोड बघू आता."

हैबतराव ताडकन उठले. "गेन्या, बाहेर साथ चालू आहे, साथ! ती कुणाला द्यायची नाही, कुणाकडून घ्यायची नाही! कुठे साथ दिसली तर आधी दवाखान्यात फोन करायचा!"

हे मात्र गेनूने पाठ करून टाकलं.

लग्न लागलं. मुंडावळ्या वर, मास्क खाली, मधे गेनूचे डोळे. परवानगीपुरतीच माणसं मांडवात होती. माळा पडल्या आणि गेनूची एकही चूक झाली नाही. आई आनंदाने रडली. मग पाठवणीची वेळ आली. सासरे मारुतराव हात जोडून पुढे झाले.

"जावईबापू, आता हिला जन्मभर साथ द्या."

गेनू हादरला. "साथ? हिला?"

"द्या हो! एकुलती एक पोर आहे माझी!"

"मामा, पोटच्या पोरीला?"

गेनूने वऱ्हाडाकडे पाहिलं. वऱ्हाड डोळे पुसत म्हणालं, "ही साथ कधी सुटू नये रे देवा!" चंद्रकलासुद्धा मान खाली घालून हसत होती. हैबतरावांनी कोपराने ढोसलं. "अरे, दिली म्हण!"

पाटलांचं तर ऐकायचंच होतं.

"दिली," गेनू म्हणाला. मग बाजूला जाऊन त्याने दवाखान्यात फोन केला.

गाडी बोंबलत आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली आणि त्यांनी मांडवाला दोरी बांधली. मारुतराव कडाडले, "लग्न मोडलं! मी पोरीला घेऊन घरी चाललो!"

"कुणी कुठे जायचं नाही," माणसं म्हणाली. "वऱ्हाडासकट सगळ्यांनी चौदा दिवस शाळेत राहायचं."

आईने देवाला हात जोडले. निदान सून तरी पळणार नव्हती.

डॉक्टरीणबाई गेनूकडे वळल्या. "लागण कुणाला झाली?"

"हिला. मीच दिली."

"जाणूनबुजून?"

"हिच्या बापाने हात जोडून मागितली."

बाईंनी चष्मा सारखा केला. "बरं. कधीपासून आहे?"

"आत्ताच लागली, बाई. पण लवकर जायची नाही. भटजी म्हणतात, सात जन्म राहील."