हैबतीचा धक्का

"पण मी काय वेगळं केलं, बाबा? तुम्ही मला केलंत तेच मी तिला केलं की!"

हैबती मठाच्या ओट्यावर येऊन टेकला होता. बसायला सांगेपर्यंत थांबायची त्याची सवय कधीच मोडली होती. धरणाचं पाणी गावाला येऊन चिकटलं, तेव्हापासून भोयांच्या पोरांना पोहायला तोच शिकवायचा. पंचक्रोशीत आपल्यासारखा शिकवणारा नाही, हेही तोच सांगत फिरायचा.

आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

केशरनाथबाबांनीच त्याला लहानपणी पोहायला शिकवलेलं. आता ते थकले होते. ते पाण्याकडे बघत राहिले.

"समद्यांना असंच शिकवतो," हैबती म्हणाला. "काठावर उभं करायचं आन मागनं धक्का. चार घोट पोटात गेले की हातपाय आपोआप हालत्यात."

"आन चांगुणा?"

हैबतीने मान खाली घातली.

चांगुणा त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. धक्का बसल्यावर ती गटांगळ्या खायला लागली आणि हैबतीनेच उडी टाकून तिला बाहेर काढलं. तिला कुठे खरचटलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून ती पाण्याजवळ जात नाही. डोक्यावर तांब्या ओतला तरी किंचाळते. जेवतानासुद्धा भिंतीला पाठ लावून बसते.

"भोयाची पोर आन पाण्याला भितीय. होडीत पाय ठेवंना. दादा म्हणतो, हितं राहून ही करणार काय? उद्या तिला माणदेशात धाडतोय, मावशीकडं. तिथं प्यायचं पाणीबी टँकरनं येतं... पोर घरातनं चाललीय, बाबा. माझ्यापायी चाललीय."

बाबांनी पाण्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

मग म्हणाले, "तुझ्या दादाला मी कसं शिकवलं?"

"भोपळे बांधून. मग एकेक सोडवत गेलात."

"तुमच्यासंगं शिकणाऱ्या सोनाईला?"

हैबतीला हसू आलं आणि लगेच गेलंही. "तिला तर हिवाळाभर पायरीवर बसवली होती. नुसते पाय पाण्यात सोडून. आम्ही लई चिडवायचो तिला."

"आन तुला?"

"मला ढकललंत."

"का?"

याचं उत्तर हैबतीकडे तयार होतं. इतकी वर्षं तो ते अभिमानाने सांगत आला होता. "माझ्यात धमक होती म्हणून."

"न्हाई."

"मग?"

"तू रोज काठावर यायचास. दंड दाखवायचास. पाणी गार हाय म्हणून घरला जायचास. तुला पाण्याची भीती नव्हती, लोक हसतील याची होती. उन्हाळाभर मी तुझ्याकडं बघत होतो, तवा कुठं हात लावला... पाण्याला भिणाऱ्याला मी कधी ढकललं न्हाई, हैबती."



"हे कधी बोलला न्हाईत मला."

"तू इचारलं न्हाईस. पोहायला आलं आन तू लगेच पोरं गोळा केलीस." बाबा थांबले. "मीबी तुला अडवलं न्हाई. तेवढं माझं चुकलं."

पाण्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठावर कुणीतरी जाळं झटकत होतं.

"पर मला काय येत न्हाई, बाबा?" हैबती एकदम चिडून म्हणाला. "पुरात पोहायला येतं. बुडी मारून तळ गाठायला येतं. बुडणाऱ्याला काढायला येतं. मग हिच्याच बाबतीत..."

"तुला पोहायला येतं. तुला चांगुणा येत न्हाई."



बाबा भिंतीचा आधार घेत उठले. हळूहळू त्याच्या मागे गेले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. नुसता टेकवला.

हैबतीने दोन्ही हातांनी ओट्याची कड गच्च धरली.

ओटा जेमतेम कमरेएवढा होता. खाली मऊ माती होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"...काय न्हाई."

"मग धरलंस कशाला?"

कड सोडायला हैबतीला वेळ लागला. मग तो तिथेच ओट्यावर वाकून रडायला लागला, एवढा दांडगा माणूस. बाबांनी हात काढून घेतला, पण त्याला उगी म्हटलं नाही.

अंधारून आलं तेव्हा हैबतीने डोळे पुसले.

"सकाळच्या गाडीनं जाणार हाय ती. त्याच्या आधी गाठतो तिला. थांब म्हणतो. ती थांबंल का, बाबा?"

"ठाऊक न्हाई."

"तरी जाऊ?"

"जा," बाबा म्हणाले. "पर समोरनं जा."