नऊ वेळा वितळलेली घंटा

फार फार वर्षांपूर्वी, जिथे ढग ओसरीवर येऊन बसतात अशा उंच डोंगरावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक ओतारीण होती. भट्टीत कासं वितळवून वस्तू ओतायची विद्या तिने वडिलांकडून घेतली होती. पण देवाने तिला आणखी एक देणं दिलं होतं, ते म्हणजे तिचा कान. भांड्यावर नुसतं नख वाजवलं तरी ती सांगायची, "याला बुडाशी तडा आहे बरं का." आणि तडा निघायचाच.

गावच्या देवळाला घंटा नव्हती. म्हणून घरोघरच्या बायांनी फुटकी काशाची भांडी आणून तिच्या दारात ठेवली. कुणाची वाटी, कुणाचा थाळा, कुणाच्या सासूबाईंचे टाळ. ढीग कमरेएवढा झाला.

ओतारीण मनात म्हणाली, "एक दिवस मी देवापुढे उभी राहीन. तो विचारेल, एवढा कान दिला तुला, तू काय ऐकवलंस? तेव्हा मला या घंटेकडे बोट दाखवता आलं पाहिजे."

पहिली घंटा दोन माणसांनी उचलावी एवढी झाली. गावकरी नारळ घेऊन आले. टोल पडला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ओतारीण मात्र दचकली.

"किरकिरते," ती म्हणाली.

"कुठे गं?" भाता ओढून दमलेला नवरा म्हणाला.

"अगदी शेवटी. विरताना. देवाला ऐकू जाईल."

तिने हातोडी उचलली, घंटा फोडली आणि पुन्हा भट्टीत घातली. गावकरी नारळ घेऊन परत गेले.

दुसरी घंटा तिला घोगरी वाटली. तिसरी सुरुवातीला अडखळली. चौथीत काय वाईट होतं ते तिलाही सांगता येईना, पण ती टांगायचा धीर होईना. अशी वर्षं गेली. पुजाऱ्याने तोच नारळ जपून ठेवला होता. तो आतून सुकून खुळखुळायला लागला.

"आता घंटेऐवजी हाच टांगू या," नवरा म्हणायचा.

शेजारी एक गुराखीण राहायची. ती येता-जाता हाक मारायची, "ओतारणी, माझ्या हरणीच्या गळ्यात बांधायला लिंबाएवढी घंटा दे की गं. धुकं उतरलं की ही गाय कुठे जाते कळत नाही."

"देवाची झाली की देते."

"तोवर हरणी म्हातारी व्हायची!"

हरणी म्हातारी झाली नाही. एका संध्याकाळी दाट धुकं आलं आणि ती कड्यावरून खाली गेली.  तेव्हापासून गुराखीण त्या दारावरून जाताना हाक मारायची थांबली.

ओतारणीने नववी घंटा फोडली, त्या वर्षी तिला खोकला जडला. वैद्यबुवांनी नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "बाई, यंदाचं भात तयार झालेलं बघशील. त्यापुढचं मला दिसत नाही."

ती धावतच घरी आली. "अहो, भट्टी पेटवा! एक शेवटची घंटा ओतते."

नवऱ्याने कोपऱ्यातली टोपली पुढे ओढली. आत तांब्याभर तुकडे होते.

"बाकीचं कासं कुठे गेलं?"

"भट्टीने खाल्लं," नवरा हळूच म्हणाला. "दर वितळणीला घंटा लहान होत गेली. तुला सांगत होतो, पण तू ऐकत होतीस कुठे? तू घंटाच ऐकत होतीस."

ओतारीण मटकन खाली बसली. देवळाची घंटा आता होणार नव्हती. ती रडू लागली. "मी काय सांगू देवाला? भीत राहिले, एवढंच?"

रडणं ऐकून गुराखीण आली. दारात जरा थांबली, मग आत येऊन टेकली.

"देव विचारेल तेव्हा विचारेल. मी आजच विचारते," ती म्हणाली. "हरणी गेली. तिची कालवड आहे. तिला देतेस?"

"किरकिरली तर?"

"अगं बये, कालवडीला किरकिर कळत नाही. धुकं कळतं."

दुसऱ्या दिवशी ओतारणीने लिंबाएवढी घंटा ओतली. वाजवून बघितली. किरकिरली! अगदी शेवटी, विरताना. सवयीने तिचा हात हातोडीकडे गेला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. अंगणात कालवड मान पुढे करून उभी होती.

ओतारणीने हातोडी उचलली आणि कालवडीकडे पाहिलं. तिने हातोडी खाली ठेवली आणि घंटा स्वतःच कालवडीच्या गळ्यात बांधली.

मग मात्र ती थांबली नाही. खोकला आला की बसायची, ओसरला की ओतायची. दुसऱ्या गायीसाठी एक, गावातल्या आंधळ्या आजोबांच्या काठीला एक, बाकीच्या गुरांना एकेक. कुठली बारीक वाजायची, कुठली भरदार. भात निसवून लोंब्या आल्या तेव्हा टोपली रिकामी होती.

आणि भात पिवळं झालं तेव्हा ओतारीण अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी नवऱ्याने तिला ओसरीवर आणून टेकवलं. एवढं धुकं होतं की समोरचं तुळशीवृंदावन दिसेना.

"अहो, भीती वाटते," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने चालले मी."

नवऱ्याने तिच्या खांद्यावर घोंगडी ओढली. तेवढ्यात वरच्या कुरणातून गुरं उतरू लागली. दिसत एकही नव्हतं. नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. आधी एक बारीक, मग दोन भरदार, मग सगळ्या एकात एक मिसळून, पायवाटेने खाली, घराकडे.

ओतारीण ताठ बसली. नऊ वेळा भट्टीत शोधलेला नाद हाच होता. एका घंटेत तो मावणारच नव्हता.

"कालवडीची किरकिरते का गं अजून?" नवऱ्याने विचारलं.

"किरकिरते की!" ती हसली. "ती सगळ्यांच्या मागून येते ना. तिच्यामुळेच कळतंय, सगळी आली म्हणून."

धुक्यातून गुराखिणीची हाक आली, "ओतारणी, मोजून घेतली गं! एकही मागे नाही!"

भाताची कापणी झाली आणि ओतारीण गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

तो खुळखुळता नारळ पुजाऱ्याने अखेर कुरणाच्या वाटेवर फोडला. त्या गावच्या देवळाला पुढेही घंटा आली नाही. आरतीची वेळ झाली की सगळे हात जोडून उभे राहायचे आणि गुरं परतायची वाट बघायचे.

तात्पर्य: देवाने दिलेला गुण चुकण्याच्या भीतीने राखून ठेवला तर तो राखता राखताच झिजतो. आहे तसा, रोज, कुणाच्या तरी उपयोगी पडू द्यावा. शेवटच्या संध्याकाळी तोच आपल्याला सोबत करायला येतो.