तापलं की न्यूट्रल

एका गावात एक भोळा गडी होता. नाव सखाहरी. गाव टेकडीवर, टेकडीला खडीचा क्रशर, आणि क्रशरवर दगड उचलायला एक पिवळा लोडर. आधीचा ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा मालकानं लोडर सखाहरीच्या हाती दिला. का दिला, ते मालकालाच ठाऊक. सखाहरी मनानं चांगला. सांगितलेलं कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

शिकवायला दौलत मिस्त्री होता. पहिल्याच दिवशी लोडर चढावर हलेना. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म.

"गिअरचं तेल बघितलंस?" मिस्त्रीनं विचारलं.

"बघितलं की. इंजिन बंद करून बघितलं. मापाची पट्टी वरच्या खुणेपर्यंत भिजलेली होती."

"अरे बाबा, इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं. पट्टी खोटं सांगते. हे तेल बघायचं ते इंजिन चालू ठेवून, आणि तापल्यावर. लक्षात ठेव."

सखाहरीनं लक्षात ठेवलं.

संध्याकाळी घरी बायको, वच्छी, ओसरीवर कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, डब्यात तेल किती उरलंय, बघा जरा."

सखाहरीनं डबा गॅसवर ठेवला. इंजिन चालू पाहिजे म्हणून शेजारी मिक्सरही लावला, रिकामाच. तेल तापलं. मग पेटलं. स्वयंपाकघरातल्या दोरीवर वच्छीचा लग्नातला शालू वाळत होता, तो गेला. सगळं विझल्यावर सखाहरीनं डब्यात डोकावून सांगितलं, "आता संपलंय."

वच्छीनं ट्रंक भरली आणि टेकडीच्या पायथ्याला माहेरी निघून गेली.

सखाहरीचा वच्छीवर फार जीव. तो रडतच मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री गोणपाटावर लोडरचा एक जुना कन्व्हर्टर खोलून बसला होता.

"रडू नको. हे बघ," मिस्त्री म्हणाला. "हा पंखा इंजिनचा, हा गिअरबॉक्सचा. दोघं समोरासमोर, पण एकमेकांना शिवत नाहीत. मधे तेल. इंजिनचा पंखा तेल फेकतो, त्या माऱ्यानं समोरचा फिरतो. मधला हा बारका परत येणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावतो, म्हणून चढावर जोर वाढतो. झटका नाही, दणका नाही. सासऱ्याशीही असंच वागावं. थेट भिडू नये. मधे तेल असू द्यावं."

आता हे मिस्त्रीनं कुणाला सांगावं, याचा काही विचार? पण तोही माणूसच.

सकाळी सखाहरीनं सासऱ्याच्या उंबऱ्याबाहेर तेलाचा आख्खा कॅन ओतला. अंगणात लांब उभा राहिला आणि हाक मारली, "मामा, वच्छीला न्यायला आलोय."

मामा बाहेर आले. झटका नाही, दणका नाही, सरळ तुळशी वृंदावनापर्यंत आले.

मामांच्या कमरेला डॉक्टरचा पट्टा लागला. मिस्त्रीला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

"सख्या, लोडरचं तेल तापलं की काटा लालवर जातो ना? मग काय करायचं? लिव्हर पुढं केली तर गाडी पुढं, मागं केली तर मागं. तापल्यावर दोन्ही नाही. लिव्हर मधे. न्यूट्रल. थंड होईपर्यंत काही करायचं नाही. तुझा सासरा सध्या तापलाय. समजलं?"

"समजलं. तापलं की न्यूट्रल."

तो पुन्हा गेला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असा उभा राहिला. वच्छी आली. "न्यायला आलात का?"

सखाहरीनं दोन्ही पायांवर भार सारखा केला.

"मग काय, सोडचिठ्ठी द्यायला आलात?"

"ना पुढं, ना मागं," सखाहरी म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत उभा. गुरं चरून परत आली. वच्छी आधी रडली, मग तिला हसू आलं, मग पुन्हा रडली. शेवटी म्हणाली, "परवा मी भावाबरोबर नाशिकला चालले. शिवणाच्या कारखान्यात काम बघितलंय त्यानं. बायको पाहिजे असेल, तर उद्या माणसासारखे या."

मिस्त्रीनं या खेपेला कानावर हात ठेवले. "मी काही सांगणार नाही. तुला सांगणं हेच पाप. जा नि बायको घेऊन ये."

"कशानं जाऊ?"

"कशानंही जा."

सखाहरीला एकच गाडी येत होती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यानं लोडर झकास नेला. अंगणात वळवला, पूर्ण थांबवला, पुढची दगड उचलायची बकेट अलगद जमिनीला टेकवली. आळीतली माणसं बघत राहिली. वच्छीलाही बरं वाटलं. आपला नवरा एवढं धूड चालवतो, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. केबिनमध्ये सीट एकच. मग बकेटमध्ये गोधडी अंथरली, ट्रंक ठेवली आणि वच्छी ट्रंकेवर बसली. मामांनी खाटेवरूनच हात जोडले.

निम्मी टेकडी चढून झाली. ऊन तापलेलं, बकेटमधली खडीची धूळ उडून वच्छीच्या नाकातोंडात जायला लागली. ती ओरडली, "अहो, बकेट तरी झाडून आणायची! काडीची अक्कल नाही तुम्हाला!"

सखाहरीनं काचेतून पाहिलं. वच्छीचं तोंड लालभडक झालेलं.

त्यानं लिव्हर मधे आणली.

लोडर क्षणभर थांबला आणि मागं निघाला. हे सपाटीवर करायचं असतं, एवढं मिस्त्रीनं सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हरला ते कुणी सांगत नाही. ब्रेकचंही काही बोलला नव्हता. थंड होईपर्यंत काही करायचं नाही, एवढंच म्हणाला होता. सखाहरीनं काही केलं नाही.

लोडर टेकडी उतरला, वळणाला आपसूक वळला, मामांच्या कुंपणातून आत शिरला आणि पार्श्वभाग गोठ्यात घालून थांबला. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली. बकेटमध्ये वच्छी ट्रंकेला मिठी मारून बसलेली. तोंड आता पांढरंफटक.

मामा पट्टा सावरत, काठी टेकत बाहेर आले. गोठ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "काही विसरलं काय?"

सखाहरीनं वाकून वच्छीचं तोंड नीट न्याहाळलं आणि लिव्हर पुढं सारली.

"नाही मामा. ही तापली होती. आता झाली थंड. निघतो आम्ही."