वीस फायलींचा दरबार

"वीस म्हणजे वीस! सगळ्या एकदम उघड्या पाहिजेत!" राजे मणिसेन गरजले.

राज्यात परगणे वीस आणि प्रत्येकाची एक फाईल. दुपारी शेजारचे राजे येणार होते. त्यांच्यासमोर सगळ्या फायली एकाच वेळी उघडून मिरवायचं ठरलं होतं. पण राजवाड्यातला संगणक फार जुना. उघडलेल्या प्रत्येक फाईलला तो आत एक जागा द्यायचा, आणि जागा होत्या वीस. तरीही पंधरा फायली उघडल्या की सोळावीला तो साफ नकार द्यायचा.

"पाच जागा चोरीला गेल्यात, महाराज!" प्रधान गुंडोपंतांनी तपास लावला. त्यासाठी त्यांना संगणकाकडे बघावंही लागलं नाही. "संगणक चालवते ही लोहाराची येसू. दुसरं कोण चोरणार?"

"येसू, पाहुणे यायच्या आत वीस फायली उघड. नाहीतर राज्य सोडून चालती हो!" राजांनी फर्मावलं.

"महाराज, त्या पाच जागांवर आधीच मंडळी बसलीत," येसू म्हणाली. "हा संगणक फाईल आणि यंत्र यांत भेद करत नाही. ज्याच्याशी बोलायचं, त्याला एक जागा! पहिलीवर कीबोर्ड, तो आपला हुकूम ऐकतो. दुसरीवर पडदा, तो उत्तर दाखवतो. तिसरीवरही पडदाच, पण फक्त चुका सांगायला. चौथी बाहेर जाणाऱ्या तारेची, पाचवी छपाईयंत्राची."

"म्हणजे माझे परगणे बाहेर उभे आणि नोकर आत बसलेले?" राजे लालबुंद झाले.

"आणि चुका सांगायला वेगळी जागा?" गुंडोपंत हळहळले. "आमच्या कारभारात अशी उधळपट्टी कधी झाली नाही!"

"हाकला पाचही जणांना!"

"पाचही? महाराज, एकदा विचार..."

"हुकूम म्हणजे हुकूम!"

येसूने संगणकाला एकच लांबलचक आज्ञा दिली: आधी त्या पाच जागा रिकाम्या कर, मग वीस फायली उघड. फाईल उघडली की संगणकाच्या डब्यावरचा दिवा एकदा लुकलुकायचा. राजे बोटांवर मोजत राहिले.

"वीस! बघा गुंडोपंत, जरा दरडावलं की सगळं होतं!"

तेवढ्यात पाहुणे आले. राजांनी ऐटीत कीबोर्डचं एक बटण दाबलं. काही नाही. दोन्ही हातांनी दाबलं. काही नाही. पडदा काळाकुट्ट!

"वा!" पाहुणे आदबीने म्हणाले. "रंग छान निवडलाय."

"येसू! हा बंद पडला!"

"छे, महाराज! वीसही परगणे आत ऐसपैस बसलेत."

"मग दिसत का नाहीत?"

"दाखवणाऱ्याला आपण हाकललं."

"माझा हुकूम का ऐकत नाही?"

"ऐकणाराही गेला."

"अगं, मग ही चूक होतेय असं मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार, महाराज? त्याची तर जागाच उधळपट्टी ठरली!"

पाहुण्यांना हसू आवरेना. राजांनी त्यांच्याकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि पागोटं घसरेपर्यंत तेही हसत सुटले.

"येसू, संगणक बंद करून पुन्हा चालू कर आणि ती पाचही मंडळी परत बसव. पाहुणे पंधरा परगणे बघतील. आणि गुंडोपंत, जरा उठा!"

"का, महाराज?"

"दरबारात चुका सांगायला एक जागा हवी. तुमची मऊ आहे. येसूला द्या!"