तळ्यातली खुर्ची

डोंगरापायथ्याच्या एका गावात एक तळं होतं. दर उन्हाळ्यात सारं गाव मिळून त्यातला गाळ काढी. बांधावरच्या चिंचेखाली पाटलांची खुर्ची मांडलेली असे. कोणी मातीची पाटी आणून खुर्चीमागच्या ढिगावर ओतली, की हलगीवाला येसू हलगी वाजवून त्याचं नाव पुकारी.

हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की माती कुठलीही आणा, हलगी तेवढीच वाजते. मग तळाच्या चिखलात कोण उतरतो? लोक खुर्चीजवळचा बांधच खणू लागले. माती कोरडी, चढ नाही, आणि नाव लगेच. तळं उथळच राहिलं. बांध मात्र वर्षागणिक बारीक होत गेला.

बांधाखाली सोनाक्काचा वांग्यांचा मळा होता. बांध पाझरू लागला, तशी ती रायाजी पाटलांकडे आली.

"पाटील, यंदाच्या पावसात बांध टिकत नाही. आधी माझा मळा जाईल, मग गावाचं पाणी."

पाटलांनी लोकांना विचारलं, "तळ सोडून बांध का खणता?"

"तळात बेडूक झोपलेत. त्यांची झोप मोडते," गुणवंत वाणी म्हणाला. त्याचं धोतर पांढरंशुभ्र होतं.

"तळाची माती मऊ. ती म्हाताऱ्यांसाठी ठेवलीय," भुजंगा पैलवान म्हणाला.

पाटलांनी सगळ्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली. शपथ सगळ्यांनीच घेतली. ज्याने सर्वांत मोठ्याने घेतली, त्याचं नाव येसूने सवयीने पुकारलं. दुसऱ्या दिवशी बांध आणखी हातभर खचला.

पाटील वैतागले. "अक्का, या लोकांच्या मनात एक आणि ओठांवर एक."

"असेल. पण तुम्ही वर का बसता?"

"देखरेखीला. वरून सगळं दिसतं."

"मग बांध खणताना लोक नाही दिसले?"

पाटलांनी चिंचेच्या सावलीकडे पाहिलं. मग आपल्या नव्या जोड्यांकडे.

"खाली ऊन फार असतं हो," ते हळूच म्हणाले.

"एवढंच ना? माझी छत्री घ्या."

दुसऱ्या दिवशी लोक आले, तर चिंचेखाली कोणीच नव्हतं. तळ्याच्या मधोमध, घोटाभर चिखलात खुर्ची. खुर्चीत अनवाणी पाटील, डोक्यावर सोनाक्काची ठिगळं लावलेली छत्री, शेजारी येसू.

"पाटी इथं भरा, बांधावर ओता," येसू ओरडला. "भरली की एकदा वाजेल, ओतली की पुन्हा एकदा."

लोकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा हलगीकडे. मग गुणवंताने धोतर गुडघ्याच्या वर खोचलं. ते पाहून भुजंगाने थेट उडीच मारली. दुपारपर्यंत चिखलात उभं राहायला जागा उरली नाही.

त्या वर्षी पाऊस धो धो कोसळला. बांध टिकला, तळं काठोकाठ भरलं. सोनाक्का पाटलांकडे वांगी घेऊन आली, तेव्हा ओसरीवर गुणवंत वाणी सांगत होता, "खरं पुण्य तळाच्या मातीतच. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"आणि बेडकांची झोप?" सोनाक्काने विचारलं.

"त्यांना उठवायलाच हवं होतं, अक्का. फार झोपत होते."

तात्पर्य: माणूस आपलं खरं कारण सहसा सांगत नाही, कधी कधी स्वतःलाही नाही. त्याला शपथा घालण्यापेक्षा जिथं काम आहे तिथं मान नेऊन ठेवावा, आणि सुरुवात आपल्याच खुर्चीपासून करावी.