भिवा कावळ्याचा अर्ज

विषय : मेल्यावर पुढे काही आहे काय, याचा खुलासा मिळणेबाबत.

फार वर्षांपूर्वी घाटावरच्या भिवा कावळ्याने देवळाच्या कळसावर बसून, म्हणजे योग्य मार्गाने, देवाकडे असा अर्ज केला. उत्तर येईपर्यंत पिंडाला शिवायचे नाही, असेही त्याने ठरवले. आत्मा तृप्त झाल्याची खोटी ग्वाही कशाला द्यायची?

एका दहाव्याला एक म्हातारी नवऱ्याच्या पिंडासमोर तापल्या वाळूत दुपारपर्यंत उभी होती.

"काय राहिलं हो तुमचं? माझंच काही चुकलं का?" ती पिंडालाच विचारत होती.

"आलं का रे उत्तर?" भिवाच्या कावळीने टोमणा मारला.

"नाही अजून."

"म्हातारा कुठे गेला, ते देव जाणे. म्हातारीचे पाय भाजतायत, ते तरी दिसतंय ना तुला?"

भिवा खाली उतरला आणि पिंडाला शिवला. म्हातारी डोळे पुसून घरी गेली.

तेव्हापासून भिवा कुणाला ताटकळत ठेवत नाही. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.