विहिरीवरचे अर्धे खोपे

पाखरांना ईश्वराने दिलेली वाणी अजून मनुष्याला कळत असे, त्या काळची ही गोष्ट. एका जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे अर्धवट खोपे लोंबत होते. अर्ध्या खोप्यात निजलेली सुगरण सकाळी कोणाला दिसत नसे.

तेथे पिंगी नावाची तरुण सुगरण आपला पहिला खोपा विणू लागली. विणताना रिकाम्या खोप्यांतून हाक येई, "पिंगे, इकडे बघ तरी." ती वळून बघे. तेथे कोणी नसे, आणि चोचीतली गाठ मात्र सुटलेली असे.

"आई, खोपा पुरा होतच नाही गं."

"खोप्याकडे बघूच नकोस. चोचीतली एक गाठ बघ. ती बसेपर्यंत देवाने हाक मारली, तरी तो थांबेल."

पिंगी एकेक गाठ मारीत गेली. हाका वाढल्या, तिने मान वळवली नाही. सूर्यास्ताला एकच गाठ उरली, ती मारायला ती खोप्यात शिरली.

तेवढ्यात बाभळीवरून साप उतरला. एकेका अर्ध्या खोप्यात डोकावत तो पिंगीच्या खोप्याला लोंबकळला, आणि तीच गोड हाक आली, "पिंगे, एकदा बाहेर बघ ना."

पिंगी आतली शेवटची गाठ ओढीत होती. ती गाठ बसताच खोपा आवळला, सापाचा वेढा निसटला, आणि खाली विहिरीत काहीतरी जड पडले.